जुन्या गाडीच्या वायरिंगचं दुखणं: करंट परत जातो ती वाट आधी तपासा

इंडिकेटर दिला की शेजारचा पार्किंगचा दिवा लुकलुकतो. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा जागचा हलतो. सेल्फ मारला की इंजिन कुंथत फिरतं, बॅटरी मात्र नवी आहे. ही तीन दुखणी एकाच गाडीत दिसली की बल्ब, सेन्सर आणि सेल्फ असे तीन भाग बदलले जातात. पैसे जातात आणि दुखणं राहतं, कारण बऱ्याचदा तिन्हींचं मूळ एकाच गंजलेल्या बोल्टखाली असतं.

गाडीतल्या प्रत्येक दिव्याला, मोटरला बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून वायर येते. परतीसाठी मात्र वेगळी वायर बॅटरीपर्यंत नेलेली नसते. जवळच्या पत्र्याला एक छोटी वायर बोल्टने आवळलेली असते आणि करंट गाडीच्या बॉडीतूनच बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. यामुळे तांब्याची निम्मी वायर वाचते, पण सर्किटचा निम्मा भाग रंग, गंज, पाणी आणि हादऱ्यांच्या हवाली होतो. पॉझिटिव्ह वायरला निदान इन्सुलेशन असतं. अर्थिंगचा बोल्ट चाकाच्या कमानीत किंवा बॅटरीखालच्या ट्रेमध्ये उघडा पडलेला असतो.

इंजिनाचं अर्थिंग आणखी नाजूक. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून किंवा बॉडीपासून इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला एक जाड केबल, नाहीतर तांब्याची विणलेली पट्टी लावलेली असते. क्लचचं काम करताना ही पट्टी सोडली जाते आणि कधी कधी परत लावायची राहून जाते. तरीही गाडी सुरू होते! सेल्फचा करंट मग मिळेल त्या धातूतून वाट काढतो: अॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल. या केबल्स एवढ्या करंटसाठी नसतातच. आतलं प्लास्टिक वितळतं आणि केबल जड चालू लागते. सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला, तर केबल बदलण्याआधी इंजिनाची पट्टी बघायची.

ओहम मोजून हा दोष का सापडत नाही

बहुतेक जण इथेच फसतात. मल्टिमीटर ओहमवर लावतात, एक टोक इंजिनाला, दुसरं निगेटिव्ह टर्मिनलला. मीटर ०.३ ओहम दाखवतो आणि अर्थिंगला क्लीन चिट मिळते. हे ०.३ ओहम बहुतेक मीटरच्या स्वतःच्या वायरींचेच असतात. सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो असं धरा. जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा असला तरी १५० गुणिले ०.०१, म्हणजे १.५ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि त्या एका जोडात २२५ वॉट उष्णता तयार होते. ०.०१ ओहम साध्या मीटरवर दिसणारच नाही. शिवाय ओहम मोजताना मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा त्या करंटला ठणठणीत वाटते.

म्हणून जोडातून खरा करंट वाहत असताना तिथे किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. याला व्होल्टेज ड्रॉपची चाचणी म्हणतात. अर्थिंगच्या दोषासाठी एकच चाचणी शिकायची असेल तर ही शिकावी.

आधी बॅटरी तपासा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे येतील. गाडी काही तास उभी राहिल्यावर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खांबांवर ९.६ व्होल्टच्या वर राहायला हवं.

आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब (मीटरच्या वायरीचं टोकदार टोक) बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. खांबावर, म्हणजे मधल्या शिशाच्या भागावर, त्याला आवळलेल्या केबलच्या पकडीवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही. खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच दोष असू शकतो. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची किंवा फ्युएल पंपाची जोडणी काढून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष आहे. एक व्होल्टच्या वर असेल तर सेल्फचा काही अपराध नाही, त्याला निमूटपणे बाजूला ठेवा.

दोष आहे हे कळलं की वाटेचे तुकडे पाडायचे. काळी प्रोब खांबावरच ठेवायची आणि लाल प्रोब एकेक पाऊल पुढे न्यायची: आधी क्लॅम्पवर, मग केबलच्या दुसऱ्या टोकाच्या थिंबलवर (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), मग त्या बोल्टवर, मग शेजारच्या पत्र्यावर, शेवटी इंजिनावर. प्रत्येक वेळी सेल्फ मारून आकडा बघायचा. थिंबलवर ०.०८ आणि शेजारच्या पत्र्यावर ०.९ आलं, तर थिंबल आणि पत्रा यांच्यामधल्या गंजाने ०.८ व्होल्ट खाल्ले. दोषाची जागा बोटाच्या पेराएवढी आखून मिळते.

पॉझिटिव्ह बाजूलाही हेच करायचं: एक प्रोब पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या मोटरकडे जाणाऱ्या जाड टर्मिनलवर. इथे सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्टही वाटेत असल्यामुळे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. दोन प्रयत्नांमध्ये सेल्फला मिनिटभर विश्रांती द्या, तो तापतो.

मीटर नसेल तर जंप केबलवर काम भागतं. काळ्या जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा. इंजिन एकदम जोमाने फिरलं तर इंजिनाच्या अर्थिंगमध्येच दोष आहे. केबलची चिमटी पॉझिटिव्हला लागणार नाही एवढं मात्र बघा.

मागच्या दिव्यांचं कोडं

मागच्या लाइटमध्ये ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर यांचं अर्थिंग बहुधा एकच असतं. ते तुटलं की करंट अडून बसत नाही, उलट्या वाटेने शिरतो, आणि त्यातून विचित्र लक्षणं दिसतात.

पार्किंग बंद आहे आणि तुम्ही इंडिकेटर दिला. २१ वॉटच्या बल्बमधून आलेल्या करंटला बॉडीकडे जाता येत नाही. मग तो त्याच लाइटमधल्या ५ वॉटच्या पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरीतून इतर पार्किंग दिव्यांपर्यंत पोचतो आणि त्यांच्या चांगल्या अर्थिंगवरून घरी जातो. आता दोन फिलामेंट एकामागे एक आले. २१ वॉटच्या फिलामेंटचा तापलेला अडथळा साधारण ७ ओहम, ५ वॉटच्याचा जवळपास २९. जास्त अडथळ्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. त्यामुळे इंडिकेटर जवळपास पेटतच नाही आणि शेजारचा पार्किंगचा बारीक फिलामेंट लुकलुकतो. हे दिसलं की बल्ब, फ्लॅशर आणि स्विच यांच्यापैकी कशालाही हात लावू नका. लाइटच्या मेटल होल्डरपासून बॉडीपर्यंत एक तात्पुरती वायर लावा. सगळे दिवे शहाण्यासारखे वागू लागले तर निदान झालं.

एक अपवाद आहे. दोन फिलामेंटच्या बल्बच्या जागी एकच फिलामेंटचा बल्ब जबरदस्तीने बसवला असेल, तर त्याचा एकच संपर्क होल्डरच्या दोन्ही संपर्कांना जोडतो आणि अगदी अशीच लक्षणं दिसतात. म्हणून बल्ब काढून त्याच्या बुडाला दोन ठिपके आहेत की एक, एवढं आधी बघून घ्या.

पुढे हेडलाइटमध्येही हेच घडतं. एच४ या दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये डिपर आणि अपर यांचं अर्थिंग एकच. ते सुटलं की डिपरचा करंट अपरच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो, दोन्ही फिलामेंट मंद पेटतात आणि डॅशबोर्डवरचा निळा दिवाही हलकासा उजळतो. मात्र काही जपानी गाड्यांमध्ये हेडलाइटचा स्विच अर्थिंगच्याच बाजूला असतो. तिथे हा तर्क उलटा लावावा लागतो, म्हणून आधी त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा पाहावा.

उजेड कमी वाटत असेल तर जास्त वॉटचे बल्ब टाकण्याची घाई नको. व्होल्टेज १०% घटलं की हॅलोजनचा उजेड साधारण ३०% घटतो. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीवर आणि बल्बच्या कपलरवर (वायरींचा प्लग; तो बल्बला लागलेलाच असू द्या) व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२ असेल तर दोन व्होल्ट वाटेत हरवले. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जायचा. तीस वर्षांत त्या स्विचचे संपर्क काळे पडतात. उपाय रिलेचा, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा. ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून बल्बला, ८६ ला जुन्या हेडलाइटची वायर, ८५ ला अर्थिंग. अपर आणि डिपर यांना वेगवेगळे रिले, आणि प्रत्येक बल्बच्या अर्थिंगलाही तेवढीच जाड नवी वायर. रिले टाकून अर्थिंगची जुनी बारीक वायर तशीच ठेवली तर निम्मं कामही होत नाही.

काटे, चार्जिंग आणि इंजेक्शनच्या गाड्या

पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकदम खरं असेल त्यापेक्षा वर दाखवत असतील, तर टाकीतला फ्लोट आणि इंजिनावरचा सेन्सर एकाच दिवशी बिघडले असं समजू नका. अनेक जुन्या गाड्यांत या काट्यांना सुमारे १० व्होल्ट देणारा एक छोटा स्टॅबिलायझर मीटरच्या मागे स्क्रूने बसवलेला असतो. आत तापली की वाकणारी पट्टी असते आणि ती तापायला अर्थिंग लागतं. तो स्क्रू सैल झाला की पट्टी तापत नाही आणि काट्यांना बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज जातं.

चार्जिंग तपासताना इंजिन थोडं रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवं. कमी आलं तर अल्टरनेटर उतरवण्याआधी दोन मोजमापं घ्या: अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून पॉझिटिव्ह खांबापर्यंत आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून निगेटिव्ह खांबापर्यंत. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवा. दोन्हीकडे ०.२ च्या आसपास किंवा कमी ड्रॉप असायला हवा. व्होल्टेज जास्त येणं हे त्याहून फसवं. अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर वेगळा, बॉडीवर बसवलेला असेल आणि त्याच्या अर्थिंगमध्ये ०.८ व्होल्ट गळत असतील, तर त्याला बॅटरी ०.८ ने कमी भासते. तो अल्टरनेटरला आणखी दामटतो. बॅटरीचं पाणी भराभर उडतं, बल्ब वारंवार जातात, आणि दोष कुणी अर्थिंगला देत नाही.

कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, त्या काळातल्या गाड्यांना सहन होणारा फरक आणखी कमी. सेन्सरचे सिग्नल ० ते ५ व्होल्टमध्ये फिरतात, त्यामुळे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरच्या अर्थिंगमध्ये ०.३ व्होल्ट गळाले तर त्याला सगळेच सेन्सर चुकीचे ऐकू येतात. आयडलिंग वरखाली, पेट्रोल जास्त, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन-चार सेन्सरांचे दोषाचे कोड. अशा वेळी इंजिन चालू आणि सगळे दिवे लावून कंप्युटरच्या अर्थिंगच्या पिनपासून निगेटिव्ह खांबापर्यंत मोजा. ०.०५ च्या आसपास असेल तर उत्तम, ०.१ च्या वर गेलं तर इनटेक मॅनिफोल्डवर किंवा ब्लॉकवर आवळलेल्या बारीक वायरींचा झुबका सोडून साफ करा.

साफसफाई नीट कशी करायची

आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढायचा, नंतर पॉझिटिव्ह. लावताना उलट क्रम. पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलंच असेल तर पाना वेल्डिंगच्या सळईसारखा चिकटतो. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. फार जुनी गाडी असेल तर कोणता खांब बॉडीला जोडलाय हे डोळ्यांनी बघा. १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग होतं. तिथे आधी पॉझिटिव्ह निघेल.

बोल्ट नुसता घट्ट आवळून भागत नाही. पूर्ण सोडा. थिंबलच्या दोन्ही बाजू आणि पत्र्यावरची थिंबलच्या आकाराची जागा वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगाचा आणि प्रायमरचा मागमूस राहता कामा नये. थिंबल आणि पत्रा यांच्यामध्ये दातेरी वॉशर टाका. त्याचे दात धातूत रुततात. घट्ट आवळल्यानंतर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. ग्रीस आधी थापायचं नाही, आधी धातूला धातू भिडू द्या, मग हवापाणी बंद करा. नुकताच बॉडीला रंग मारून आणलेल्या गाडीत अचानक दहा तक्रारी उगवतात त्या याचमुळे: अर्थिंगच्या जागांवरही छान, चकचकीत रंग चढलेला असतो.

थिंबलजवळचं इन्सुलेशन फुगलेलं किंवा हिरवट दिसलं तर थोडं सोलून बघा. आतलं तांबं काळं-हिरवं असेल तर चमकदार तार लागेपर्यंत मागे कापत जा. नवं थिंबल योग्य क्रिंपिंग पक्कडने दाबा आणि वरून आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह बसवा. थिंबलला नुसतं सोल्डर करणं टाळावं. सोल्डर तारांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्यांनी बरोबर त्याच्या कडेला तुटतो. इंजिनाची नवी पट्टी १६ ते २५ चौरस मिलिमीटरची घ्या, मोठ्या डिझेलला त्याहून जाड, आणि इंजिन हलेल तेवढी ढील ठेवा. मूळ पट्टीला जोडून जादा एक टाकली तर काही बिघडत नाही.

फ्यूज उडत असेल तर

फ्यूज परत परत उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं म्हणजे वायरिंगलाच फ्यूज करणं. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरी लावलेला २१ वॉटचा बल्ब बसवा. त्या सर्किटमधली उपकरणं बंद करा, शक्य असेल तर त्यांचे कपलर काढून ठेवा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख पेटेल आणि करंट दोन अँपिअरच्या आतच अडवेल, म्हणजे वायर जळणार नाही. आता हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इंचाइंचाने हलवत जा. जिथे हात लावल्यावर बल्ब विझतो, तिथे वायर सोललेली आहे. दरवाजाच्या आणि डिकीच्या बिजागराजवळची रबरी नळी पहिली उघडा. हजारो वेळा वाकून वायरी तिथेच तुटतात, बाहेरून मात्र काही दिसत नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना मात्र टेस्ट लॅम्प किंवा मीटरची प्रोब अजिबात लावू नका.

रात्रीत बॅटरी उतरते

निगेटिव्ह केबल काढा. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून खांब आणि केबल यांच्यामध्ये जोडा. अशा जोडणीत सेल्फ मारला, इग्निशन दिलं की मीटरचा फ्यूज गेलाच. दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, नाहीतर आतला दिवाच मोजत बसाल. इलेक्ट्रॉनिक्स असलेली गाडी झोपायला अर्धा-पाऊण तास घेते, तेवढं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. साध्या जुन्या गाडीत घड्याळ आणि रेडिओ मिळून त्याहूनही बरंच कमी येतं. ५०० मिलिअँपिअर असतील तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत अर्धी होईल.

मग एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते बघा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरवर संशय घ्या. त्याचा आतला डायोड गळत असला की करंट फ्यूज बॉक्सला वळसा घालून जातो. खात्री करायला बॅटरी पूर्ण सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. त्याच्या आधी, फुकटातलं काम म्हणून, डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा झाकण लावल्यावर खरंच विझतो का ते पाहा: थोडा वेळ बंद ठेवून झाकण उघडलं की लगेच बल्बला बोट लावायचं, गरम लागला तर चोर सापडला.